गोगलगाय अन् पोटात पाहुणे

गेल्या बकरी ईदची गोष्ट. ईदचा दुसरा दिवस होता. एरवी पहाटेपासून हॉर्नच्या आवाजाने जाग आणणारा क्रांती चौक सुट्टीमुळे जरा शांत होता. कुर्बानी गावी, चाचांकडे झाली होती आणि आमचा हिस्सा रात्रीच डब्यांतून घरी पोहोचला होता. अम्मी स्वयंपाकघरात कलेजी साफ करत बसली होती. अचानक तिने हाक मारली, ‘‘बेटा, इकडे ये जरा. बघ, कलेजीतून पान निघालं.’’

मी जाऊन पाहिलं. कलेजीतली एक नळी सुरीने उघडली गेली होती. आतून करड्या-तपकिरी रंगाचं, चपटं, बोटाच्या दीड पेराएवढं काहीतरी बाहेर आलं होतं. दिसायला खरोखरच कडुनिंबाच्या वाळल्या पानासारखं. अम्मीने सुरीच्या टोकाने दुसरी नळी उघडली. त्यात तशीच आणखी तीन पानं होती.

घरात लगेच तीन मतं पडली. भाभी म्हणाली, सगळं गोश्त टाकून द्या, लेकरांना खाऊ घालू नका. अब्बांना वेगळीच काळजी लागली. जनावर आजारी होतं, मग आपली कुर्बानी झाली की नाही? अम्मीचं म्हणणं एवढंच की एवढी नेमत अशी फेकायची नसते, आधी कुणाला तरी विचारा. शेवटी आम्ही आमच्या नेहमीच्या मटणवाल्या चाचांना फोन लावला. ते हसले. ‘‘पानं ती. पाणथळ जागी चरलेल्या जनावराला होतात. खराब झालेली कलेजी काढून टाका. बाकी गोश्ताला काही झालेलं नाही.’’ इमामसाहेबांनी अब्बांची समजूत घातली की जनावर घेताना ते उघड आजारी, लंगडं, आंधळं किंवा अगदी वाळलेलं नसावं, हे पाहणं आपलं काम. पोटात काय दडलंय ते बाहेरून कुणाला दिसणार?

घरातला प्रश्न मिटला. माझ्या डोक्यात मात्र ‘पाणथळ’ हा शब्द अडकून बसला. कारण मागच्या हिवाळ्यात चाचांच्या सात मेंढ्या एकापाठोपाठ गेल्या होत्या. खाऊन-पिऊन वाळत गेल्या, लोकर झडली, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबावी तशी सूज आली आणि एक दिवस उठल्याच नाहीत. गावातल्या लोकांनी निदान केलं की नजर लागली. चाचांनी गोठ्याच्या दाराला लिंबू-मिरची नाही, पण ताईत तेवढा बांधला. सात मेंढ्या म्हणजे चाचांच्या घरचं वर्षभराचं मीठ-मिरची आणि धाकट्या मुलीची कॉलेजची फी.

मी शाळेत विज्ञान शिकवते. गोगलगाय हा प्राणी मी दरवर्षी फळ्यावर काढते, मुलांना ‘मृदुकाय’ हा शब्द पाठ करायला लावते आणि पुढच्या धड्याकडे वळते. चाचांच्या मेंढ्या आणि फळ्यावरची ती गोगलगाय यांचं काही नातं असेल, हे माझ्या गावीही नव्हतं.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न

ईदनंतरच्या रविवारी मी गावी गेले, तेव्हा चाचांना घेऊन पशुवैद्यकीय दवाखाना गाठला. डॉक्टरांनी मेंढ्यांबद्दल ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘तुमच्या मेंढ्या चरतात तिथे डबकं आहे का? आणि त्या डबक्यात गोगलगायी आहेत का?’’

चाचांचं गाव पैठणच्या बाजूला, नाथसागराच्या काठाजवळ. पावसाळ्यानंतर धरणाचं पाणी हळूहळू मागे सरकतं, गाळपेर जमीन उघडी पडते, खड्ड्याखड्ड्यांत पाणी साचून राहतं आणि त्याच्या कडेला हिरवंगार गवत उगवतं. बाकी रान वाळलेलं असताना मेंढ्या तिकडेच धावणार. डबक्यात अंगठ्याच्या नखाएवढ्या, पातळ तपकिरी शंखाच्या गोगलगायीही असतातच. चाचा म्हणाले, ‘‘त्या तर कायमच्याच आहेत. त्यांनी कुणाचं काय बिघडवलं?’’

डॉक्टरांनी कागद घेतला आणि त्या ‘पाना’चा सगळा प्रवास काढून दाखवला. तो ऐकल्यावर ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही म्हण मला पहिल्यांदा पुरती कळली.

कलेजीतलं ते पान म्हणजे यकृतकृमी. आपल्याकडे जो आढळतो त्याचं शास्त्रीय नाव फॅसिओला जायगँटिका. तो जनावराच्या पित्तनळ्यांत राहतो आणि रोज हजारो अंडी घालतो. ही अंडी पित्ताबरोबर आतड्यात आणि तिथून लेंड्या-शेणातून बाहेर पडतात. कोरड्या जमिनीवर पडली तर सगळं तिथेच संपतं. पाण्यात पडली तर साधारण दोन आठवड्यांत त्यातून एक सूक्ष्म अळी बाहेर येते. तिच्याकडे फार तर एका दिवसाचा वेळ असतो. तेवढ्यात तिला गोगलगाय सापडली पाहिजे, आणि तीही कुठलीही नव्हे; लिम्निया जातीचीच लागते. सापडली नाही तर अळी मरते.

सापडली, तर मात्र खेळ पालटतो. गोगलगायीच्या अंगात शिरलेली एक अळी तिथे वाढते, फुटते, पुन्हा वाढते आणि काही आठवड्यांत एकाच्या शेकडो होतात. मग शेपटीवाल्या अळ्या गोगलगायीतून बाहेर पडतात, पोहत गवताच्या काडीपर्यंत जातात, शेपूट टाकतात आणि स्वतःभोवती टणक कवच करून गवताला चिकटून बसतात. मेंढी ते गवत खाते. पोटात कवच विरघळतं. पोर कृमी आतड्याची भिंत भोकसून पोटाच्या पोकळीत येतो, तिथून कलेजीत शिरतो आणि कलेजी पोखरत काही आठवड्यांनी पित्तनळीत जाऊन मुक्काम ठोकतो. कलेजी पोखरली गेली की रक्त कमी होतं, अंगातली प्रथिनं घटतात आणि शरीरातलं पाणी जबड्याखाली उतरतं. चाचांनी पाहिलेली पाण्याची पिशवी ती हीच.

चाचा बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. मग एवढंच म्हणाले, ‘‘म्हणजे मीच त्यांना तिकडे चरायला नेत होतो.’’

इंग्लंडच्या मेंढ्या आणि ऑक्सफर्डचा तरुण

चाचांना वाईट वाटून घेण्याचं कारण नव्हतं. हे कोडं जगातल्या मोठमोठ्या पंडितांनाही शेकडो वर्षं सुटलं नव्हतं. कलेजीतली पानं युरोपातल्या मेंढपाळांना मध्ययुगापासून माहीत होती. ती येतात कुठून, हे मात्र कुणाला सांगता येत नव्हतं. १८७९-८० साली इंग्लंडमध्ये फार पाऊस झाला आणि या रोगाने सुमारे तीस लाख मेंढ्या गेल्या. तेव्हा ऑक्सफर्डमधल्या अल्जर्नन थॉमस नावाच्या तरुण प्राणिशास्त्रज्ञाकडे हे काम सोपवण्यात आलं.

थॉमसला संशय गोगलगायीचा होता. पण नेमकी कोणती गोगलगाय, ते ठरवायचं होतं. ज्या छोट्या गोगलगायीवर त्याचा डोळा होता ती त्याला हवी तेव्हा मिळेना. १८८२ च्या उन्हाळ्यात ऑक्सफर्डच्या नदीला पूर आला आणि पाण्याबरोबर त्या गोगलगायी कुरणांत पसरल्या. थॉमसने त्या गोळा केल्या, यकृतकृमीच्या अळ्यांसोबत काचेच्या भांड्यात ठेवल्या आणि अळ्या त्यांच्या अंगात शिरताना पाहिल्या. जर्मनीत लाइपझिगला रुडॉल्फ लॉइकार्ट हेही त्याच वेळी याच कामात होते. दोघांचे निष्कर्ष जवळपास एकाच सुमारास जगापुढे आले. एका परजीवीला आयुष्य पुरं करायला दोन वेगळे यजमान लागतात आणि त्यातला एक गोगलगाय आहे, हे यकृतकृमीच्या बाबतीत पहिल्यांदा टप्प्याटप्प्याने सिद्ध झालं.

थंड देशांतल्या या अभ्यासातून आणखी एक महत्त्वाची गोष्ट कळली. तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की अंड्यातली वाढ थांबते आणि गोगलगायीच्या पोटातली अळीही जागच्या जागी थबकते. तिकडचा कडक हिवाळा म्हणजे या रोगाला घातलेलं कुलूप. ऊन पडलं की कुलूप उघडतं. गोगलगाय चिखलात झोपून हिवाळा काढते आणि तिच्या पोटातला पाहुणाही तिच्याबरोबर झोपून राहतो.

हे कुलूप किती नाजूक आहे, हे कॅनडाच्या अगदी उत्तरेकडच्या बर्फाळ प्रदेशात दिसून आलं. तिथे मस्कऑक्स नावाचं लांब केसांचं, आपल्या याकची आठवण करून देणारं जनावर असतं. १९८८ साली त्याच्या फुप्फुसात एक नवा कृमी सापडला. याचा दुसरा यजमान आहे तिथली शंख नसलेली छोटी गोगलगाय, जिला आपले शेतकरी शेंबडी गोगलगाय म्हणतात. जनावराच्या लेंड्यांतली अळी तिच्या अंगात शिरते आणि पाल्याबरोबर गोगलगाय खाल्ली गेली की परत जनावरात जाते. तिकडचा उन्हाळा इतका छोटा की अळीला गोगलगायीत पुरं वाढायला दोन उन्हाळे लागत. शास्त्रज्ञांनी तापमानाची जुनी-नवी आकडेवारी तपासली आणि २००५ साली सांगितलं की हवा तापल्यामुळे आता एकाच उन्हाळ्यात तिची वाढ पुरी होऊ लागली आहे. दोन वर्षांचं चक्र एका वर्षावर आलं.

आपल्या मराठवाड्यात असं थंडीचं कुलूप नाही. इथे कुलूप असलंच तर ते दुष्काळाचं. डबकी आटली की गोगलगायी चिखलात गाडून घेतात आणि चक्र थांबतं. पाऊस लांबला, डबकी टिकली, की चक्र फिरत राहतं. म्हणून चांगल्या पावसाच्या वर्षानंतरचा हिवाळा शेळ्या-मेंढ्यांसाठी जास्त धोक्याचा.

कोकणातलं एक गाव

इथपर्यंत गोष्ट जनावरांची होती. आता माणसांची.

रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यात गिमवी नावाचं गाव आहे. आपल्यापैकी फार थोड्यांनी ते नाव ऐकलं असेल. परजीवी रोगांच्या अभ्यासकांना मात्र ते चांगलं ठाऊक आहे. १९५२ साली डॉ. गाडगीळ आणि डॉ. शहा या दोन संशोधकांनी जाहीर केलं की या गावातल्या लोकांच्या लघवीतून रक्त जातं आणि त्याचं कारण आहे शिस्टोसोमा नावाचा कृमी. हा रोग आफ्रिकेत आणि अरब देशांत सर्रास होता. भारतात कुणी रुग्ण सापडला तर तो बाहेरून रोग घेऊन आला, असंच तोवर मानलं जाई. गिमवीत मात्र घर सोडून कुठे न गेलेल्या माणसांना हा रोग होता. म्हणजे त्याचं सगळं चक्र गावातल्या गावातच फिरत होतं.

या कृमीची कहाणी कैरो शहरात सुरू होते. १८५१ साली तिथल्या कसर-अल-ऐनी रुग्णालयात थिओडोर बिलहार्झ या जर्मन डॉक्टरला शवविच्छेदनात तो सापडला. म्हणून या रोगाला आजही बिलहार्झिया म्हणतात. तो माणसात शिरतो कसा, हे कळायला पुढची चौसष्ट वर्षं लागली. १९१५ साली रॉबर्ट लायपर यांनी इजिप्तमध्येच दाखवून दिलं की याचाही दुसरा यजमान गोड्या पाण्यातली गोगलगाय आहे.

यकृतकृमीत आणि यात एक मोठा फरक आहे. इथे काही खावं-प्यावं लागत नाही. गोगलगायीतून बाहेर पडलेली अळी पाण्यात पोहत असते आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून सरळ आत शिरते. ओढ्यावर कपडे धुणारी बाई, पोहणारी मुलं, गुडघाभर पाण्यात काम करणारा माणूस, कुणीही तिला चालतं. कृमी पुढे मूत्राशयाच्या आसपासच्या रक्तवाहिन्यांत राहतात. त्यांच्या अंड्यांना एका टोकाला काट्यासारखं टोक असतं. त्याने मूत्राशयाला जखमा होतात आणि लघवीतून रक्त जातं. ती लघवी पुन्हा ओढ्यात गेली की चक्र पुरं होतं. वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं तर मूत्राशयाच्या कर्करोगापर्यंत मजल जाते.

गिमवीत कोणती गोगलगाय हे काम करत होती, याचाही शोध गाडगीळ आणि शहा यांनी घेतला. ती निघाली फेरिसिया टेन्युइस. चार-पाच मिलिमीटरची, शंखाला वेटोळी नसलेली, छोट्या टोपीसारखी. पाण्यातल्या पानाला किंवा दगडाला चिकटलेली असली तर डाग वाटावा. एवढ्याशा जिवाने एका गावाला रोगी केलं होतं. पुढे कित्येक दशकं संशोधक गिमवीकडे लक्ष ठेवून होते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही तिथल्या लोकांच्या रक्तात या कृमीच्या खुणा शोधल्याची नोंद आहे.

सुदैवाने हा रोग आपल्याकडे पसरला नाही. जगाचं चित्र मात्र वेगळं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने आजही २५ कोटींहून जास्त लोकांना या रोगावर प्रतिबंधक औषधोपचाराची गरज आहे, आणि त्यातले बहुतेक आफ्रिकेतले आहेत. आपली मुलं शिक्षण आणि नोकरीसाठी तिकडे जातात. तिथल्या तळ्यात पोहून आल्यावर लघवीत रक्त दिसलं, तर डॉक्टरांना ‘मी अमुक देशात, अमुक पाण्यात उतरलो होतो’ हे सांगायला लाजू नये. औषध साधं आहे, प्राझिक्वान्टेल. रोग ओळखता आला पाहिजे, एवढंच.

गिमवीबद्दल वाचताना मला आपली पाणचक्की आठवली. सतराव्या शतकात मलिक अंबरने डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या बंद वाहिन्यांतून या शहरात आणलं. गोगलगायीच्या पोटातले पाहुणे तेव्हा कुणाला माहीत नव्हते. पण वाहतं, झाकलेलं पाणी नितळ राहतं, हे जुन्या लोकांना कळत होतं. उघडं, साचलेलं, शेवाळलेलं पाणी हेच गोगलगायीचं माहेर.

शेतातली नवी पाहुणी

आता मराठवाड्यातल्या दुसऱ्या गोगलगायीकडे येऊ. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत सोयाबीनची कोवळी रोपं रातोरात फस्त झाली. पेरणी दुबार, कुठे तिबार करावी लागली आणि सरकारला गोगलगायीच्या नुकसानीसाठी मदत जाहीर करावी लागली. ही शंखी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेची. १८४७ मध्ये बेन्सन नावाच्या एका इंग्रजाने मॉरिशसहून ती कलकत्त्यात आणली आणि तिथल्या बागेत सोडली, अशी नोंद आहे. मुठीएवढी वाढणारी, एका वेळी शंभरावर अंडी घालणारी ही बया आता देशभर पसरली आहे.

ती पीक खाते हे सगळ्यांना माहीत झालं. तिच्या पोटातला पाहुणा मात्र कमी लोकांना माहीत आहे. उंदराच्या फुप्फुसात राहणारा एक कृमी आहे. १९३५ साली चीनमधल्या कँटन शहरात उंदरांमध्ये तो प्रथम सापडला आणि माणसातला पहिला रुग्ण १९४५ साली तैवानमध्ये नोंदवला गेला. उंदराच्या लेंड्यांतून याच्या अळ्या बाहेर येतात, गोगलगाय त्या खाते, उंदीर गोगलगायीला खातो. माणसाचा या चक्राशी काही संबंध नाही. पण कच्ची किंवा अर्धवट शिजलेली गोगलगाय किंवा न धुतलेल्या भाजीत दडलेलं तिचं पिल्लू माणसाच्या पोटात गेलं, तर अळी वाट चुकते आणि मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचते. जबरदस्त डोकेदुखी, मान ताठरणं, उलट्या, अंगाला मुंग्या अशी लक्षणं दिसतात. बहुतेक रुग्ण बरे होतात, पण सगळे नाही. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियात एका तरुणाने मित्रांच्या पैजेपायी शेंबडी गोगलगाय गिळली. तो कोमात गेला, अंथरुणाला खिळला आणि आठ वर्षांनी वारला.

हा कृमी आपल्यापासून दूर नाही. मुंबईच्या उंदरांमध्ये तो असल्याचं १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवलं होतं. केरळात माणसांमधले रुग्ण आढळले, त्यांत ताकदीसाठी किंवा दम्यावर औषध म्हणून घोरपडीचं कच्चं मांस खाल्लेले लोक होते. घोरपड गोगलगायी खाते, म्हणून अळ्या तिच्या मांसातही असतात. अशी ‘देशी दवा’ कुणी सांगितली तर ती घेऊ नये. घोरपड मारणं हा कायद्यानेही गुन्हा आहे.

मला काळजी वाटते ती शेतात शंखी गोगलगायी वेचणाऱ्या बायकांची. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई जूनमध्ये रोजाने याच कामाला जायची. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधावर टाकायची आणि सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवायच्या. पद्धत योग्य आहे, कृषी खात्याचीही तीच शिफारस असते. पण ती उघड्या हाताने वेचायची आणि बांधावर बसून त्याच हाताने भाकरी मोडायची. मुलीने विज्ञानाच्या तासाला हे सांगितलं तेव्हा मी तिला एवढंच म्हटलं, ‘‘अम्मीला सांग, हातात प्लास्टिकची पिशवी तरी घाल आणि जेवणाआधी साबणाने हात धू.’’ दुसऱ्या दिवशी मुलगी हसत आली. अम्मीने पिशवी घातली होती आणि मुकादमाकडून सगळ्या बायकांसाठी साबणाची वडीही मागून घेतली होती.

घरात काय पाहावं

या सगळ्यातून घाबरून जाण्यासारखं काही नाही. कुठे सावध राहायचं ते ठाऊक असलं की पुरे.

कुर्बानीचं जनावर घेताना दात बघतो तसा जबड्याखालीही हात फिरवावा. तिथे मऊ, लोंबती सूज असेल तर ते जनावर घेऊ नये. खालची पापणी ओढून बघावी. आतला भाग गुलाबी-लाल असावा, पांढुरका नको. मणक्याची हाडं हाताला टोचत असतील तर विक्रेता काहीही सांगो, जनावर आतून खंगलेलं आहे.

कलेजीत पानं निघाली, नळ्या जाड, कडक झालेल्या दिसल्या, तर ती कलेजी टाकावी. बाकी गोश्त नीट शिजवून खायला हरकत नाही. कलेजीतलं पान पोटात गेलं म्हणून आपल्याला यकृतकृमी होत नाही; तो गवताला किंवा पाणवनस्पतीला चिकटलेल्या कवचातूनच होतो. तरीही कलेजी कच्ची खाऊ नये. लेबनॉनमध्ये कच्ची कलेजी खाणाऱ्यांचा घसा सुजण्याचा एक त्रास आहे. आधी त्याचं खापर यकृतकृमीवर फुटलं, पुढे त्यात दुसऱ्या परजीवीचाही हात दिसला. तिकडचे लोक त्याला ‘हलझून’ म्हणतात. अरबीत हलझून म्हणजे गोगलगाय!

आणखी एक गंमत. रोगी कलेजी शिजवून खाल्ली तर त्यातली मेलेली अंडी आपल्या शौचातून तशीच बाहेर पडतात. ईदनंतर लगेच कुणाची शौचतपासणी झाली आणि रिपोर्टमध्ये यकृतकृमीची अंडी आली, तर डॉक्टरांना ‘कलेजी खाल्ली होती’ हे सांगावं. काही दिवस कलेजी बंद ठेवून तपासणी पुन्हा केली की खरंखोटं कळतं.

कलेजीत किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेले पांढरे फोड दिसले, तर ते प्रकरण वेगळं आहे. त्याचा गोगलगायीशी संबंध नाही, कुत्र्यांशी आहे. असा भाग कुत्र्यापुढे टाकू नये, खोल पुरून टाकावा. मोहल्ल्यातल्या कुत्र्याला खाऊ घातल्याचं पुण्य समजून आपण तो रोग परत आपल्याच दारात आणतो.

शिंगाडे दातांनी सोलू नयेत. बिहार, उत्तर प्रदेशात आतड्यातला एक मोठा चपटा कृमी अशाच पाण्यातल्या कच्च्या फळांच्या सालींवरून माणसात जातो, आणि त्याचाही यजमान गोगलगायच. उकडून खावेत, चवही वाढते. मेथी, पालक, कोथिंबीर, कोबी यांचं पान न् पान सुटं करून वाहत्या पाण्याखाली धुवावं. पावसाळ्यात मुलं गोगलगायीशी खेळणारच; खेळू द्यावं, मग हात धुवून घ्यावेत. शेतात गोगलगायीसाठी विषारी गोळ्या टाकल्या असतील तर तिथे मुलं आणि जनावरं दोन्ही जाऊ देऊ नयेत.

चाचांचं डबकं

डॉक्टरांनी सगळ्या मेंढ्यांना औषध पाजलं आणि पावसाळ्यानंतर पुन्हा घेऊन यायला सांगितलं. पण त्यांनी हेही बजावलं की नुसत्या औषधावर भागणार नाही. डबकं तसंच राहिलं तर पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेच. मग चाचांनी खालच्या खड्ड्याला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. गोठ्याजवळ सिमेंटची छोटी टाकी बांधली आणि मेंढ्यांना हातपंपाचं पाणी पाजायला सुरुवात केली. गाळपेरीवरचं गवत ते आता कापून, उन्हात कडक वाळवून मगच घालतात. शेजारच्या दोघांनी चेष्टा केली. तिसऱ्याने मात्र आपल्या म्हशीला तोच रोग आहे का ते विचारायला दवाखाना गाठला.

गोठ्याच्या दाराला बांधलेला ताईत अजून तिथेच आहे. चाचांनी काढला नाही आणि आम्हीही काही म्हटलं नाही. पण या हिवाळ्यात एकही मेंढी गेली नाही.

परवा चाचांचा फोन आला. बकरी ईदला अजून अवकाश आहे, पण त्यांनी दोन बोकड निवडून ठेवलेत. अम्मीने फोन माझ्या हातातून घेतला आणि सलाम-दुआ व्हायच्या आधीच विचारलं, ‘‘भाईजान, जबड्याखाली हात फिरवून बघितला ना?’’